डेमरेज

पोर्ट खालिद, शारजा. शेड नंबर नऊ.
एसीची हवा पोचत नाही त्या टोकाला
राष्ट्राध्यक्ष उभे आहेत. म्हणजे आडवे आहेत,
पाइनच्या खोक्यात, भुशात.
घोडा वेगळ्या खोक्यात.
चौदा महिने झाले, भाडं रोज चढतंय.
ज्या वकिलातीनं मागवले ती फोन उचलत नाही;
तिकडं सरकार बदललं म्हणे,
नव्यांना हा माणूस नको.

कस्टम्सनी फळी उचकटली तेव्हा
आत एक घडीचं पत्रक निघालं, स्पॅनिशमधलं.
फोर्कलिफ्टवरचा रोडेल्यो झांबोआंगाचा,
त्याच्या आईची बोली निम्मी तीच.
निम्मं तो वाचतो, निम्मं हातांनी दाखवतो,
मी आवक-जावक रजिस्टरच्या मागच्या पानावर उतरवतो:

डॉन एउसेब्यो आर्रियागा. खेचरं हाकणाऱ्याचा पोर.
सही शिकला सव्विसाव्या वर्षी.
पहिली सही केली ती फाशीच्या हुकमावर.
(रोडेल्योनं गळ्यावरून बोट फिरवलं. मी दोनदा विचारलं.)
तीनदा गादीवर आला, तीनदा उठवला गेला.
एकदा बंदुकांनी, एकदा मतांनी,
तिसऱ्यांदा कसा, ते पत्रकात नाही.
गुलाम मोकळे केले. मालकांना भरपाई दिली.
गुलामांना काय दिलं?
रोडेल्योनं पान उलटून पाहिलं.

तिजोरी कशावर भरली? तर शिटीवर.
समुद्रपक्ष्यांची, बेटांवर साचलेली,
पुरुष-दीड पुरुष उंच,
परदेशातल्या बटाट्यांना खत म्हणून.
खणायला माणसं आणली समुद्रापलीकडून,
आठ वर्षांच्या करारावर.
इथं रोडेल्यो थांबला. मीही पेन ठेवलं.
बाहेर क्रेन फिरत होती.
आमचे दोघांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात,
वरून दुसरा खण.

रात्री वेंगुर्ल्याहून फोन. काय करताय?
म्हटलं, एका राष्ट्राध्यक्षाचं चरित्र लिहितोय.
ती म्हणाली, जेवलात का.

पुढचं थोडक्यात आहे. शीट संपली.
नाट्यगृह बांधायला काढलेलं, छप्पर राहिलं.
मेला शेजारच्या देशात, बंदरावरच्या भाड्याच्या खोलीत;
खोलीवालीनं थकबाकीपोटी बूट ठेवून घेतले.
पुतळ्याच्या पायात बूट आहेत. चांगले आहेत.

ऑगस्टात लिलाव लागला.
धैदचा एक उंटवाला आला, घोड्याभोवती फिरला,
दात पाहिल्यासारखं तोंडात बोट घालून पाहिलं,
आणि घेतला. फार्महाउसच्या फाटकाशी शोभेल म्हणाला.
स्वार? स्वार नको.

आता राष्ट्राध्यक्ष खोक्याबाहेर आहेत,
खोकं कुणीतरी सरपणाला नेलं.
उभे करून पाहिले, पडतात.
पाय फाकलेले, गुडघे वाकलेले,
एक हात लगामासाठी मूठ आवळून.
भिंतीला टेकवून, मागून एक पॅलेट लावलंय रोडेल्योनं.
दुपारी तो त्यांच्या मुठीत पाण्याची बाटली अडकवतो,
त्याला ते सोयीचं पडतं.

महिनाअखेरीला मोजणी.
मी लिहितो: ब्राँझ, नग एक, शिल्लक.