लाभ, दोन, तीन

मारेगावच्या एक्स्चेंजच्या दारात
प्रगती कुमरेनं चप्पल काढली.
काढायची गरज नव्हती,
पण मशीनची घरघर ऐकली की लोक काढतातच.
हातात वहीचं पान. पानावर सेकंद लिहिलेले.

"मॅडम, सरपंचानं तं सभेत सांगतलं
एकशेपंचावन्न आले म्हणून.
माही सातबाऱ्यांची फाइल आठचीच.
पापणी लवली की जायले पायजे होती.
एकतीस सेकंद लागले. मोजले मी.
मधात कोण खाते?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखते.
माझे बाबा, शालिक ढेंगे, वणीच्या बाजार समितीत मापारी.
दर हंगामात कुणीतरी पोत्याजवळ उकिडवा बसून
त्यांना हेच विचारायचा,
आणि बाबा न चिडता
रास पुन्हा मोजायचे.

मी तिचं पान उलटं केलं. पेन घेतलं.
हे बघ, सरपंचांनी सांगितलं ते बिटमध्ये,
एकशेपंचावन्न दशांश पाच दोन मेगाबिट, सेकंदाला.
तुझी फाइल बाइटमध्ये.
बिट म्हणजे अदशेर समज, बाइट म्हणजे पायली.
आठ अदशेरांची पायली.
तर भाग आठनं.
एकोणीस दशांश चार चार.

तिनं ओठ मुडपले. सरपंच एका भागाकारात
एवढासा झाला होता.

आता बारदान वजा कर.
एका चौकटीत दोनशेसत्तर रकाने, नऊ ओळी.
पहिले नऊ रकाने पोत्याचे,
आणखी एक सुतळीचा.
दाणा दाणा तेवढा धरला तर
अठरा दशांश सात दोन.

"आन् तेबी आमच्या एकट्याचं नाही."
नाही. त्रेसष्ट वाटे. तुमच्या गावाला एक.
दोन दशांश शून्य चार आठ मेगाबिट.
यालाही आठनं भाग.

तिनंच भागलं, मोबाइल न काढता,
मग आपल्या आठला त्यानं भागलं.
एकतीस. वर चतकोर उरला.
तो तिनं पेनानं गोल केला.

"म्हंजे कोणी खाल्लं नाही."
पंखा फिरत होता. बॅटरीच्या खोलीचा आंबट वास येत होता.
"पण सांगताना पायलीनं सांगाले काय होते?"

मला उत्तर आलं नाही.
अठरा वर्षं मी अदशेरांवर सही करते आहे.

ती गेल्यावर रॅकसमोर बसले.
बाबा मोजताना एक म्हणत नसत.
पहिलं माप टाकताना म्हणत लाभ,
मग दोन, मग तीन.
मी विचारलं होतं, एक कुठं गेला?
ते म्हणाले, एक म्हटलं की नुसती मोजणी होते वं,
लाभ म्हटलं की समोरचा माणूस आयकाले लागते.

या तारेतही तसंच आहे.
सेकंदाला आठ हजार चौकटी,
आणि प्रत्येकीच्या तोंडाशी
तीनदा एक अक्षर, तीनदा दुसरं:
एक एक एक एक शून्य एक एक शून्य,
शून्य शून्य एक शून्य एक शून्य शून्य शून्य.
त्यात दाणा नाही. त्यात फाइल नाही.
फक्त पलीकडच्याला कळावं
की रास इथून सुरू.
ते ऐकू आलं नाही तर लाल दिवा लागतो
आणि अख्खा ढीग
असून नसल्यासारखा.

बाबांना हे सांगायला हवं होतं.
ते म्हणाले असते, मग त्यात नवीन काय.

पुढच्या सोमवारी सेतू केंद्रावरून जाताना
बाहेरचा फळा दिसला. वर सरपंचाच्या हातचं
एकशेपंचावन्न, अर्धवट पुसलेलं.
खाली खडूनं, तिरक्या ओळीत:
वेग, सेकंदाला पाव मेगाबाइट.
कडता धरून.