तीनशे पंधरा

साखर पेठेत, चादरींच्या दुकानामागं,
गफूरमियांनी काउंटरवर दोन्ही आडव्या टाकल्या.
बारा बोअरच्या नळीत माझा अंगठा गेला.
तीनशे पंधरात करंगळी नाही, नुसती पेन्सिल.

"डुक्कर किती लांबून दिसतंय तुला?"

दिसत नाही, ऐकू येतं.
मक्यात रात्री ताटं मोडतात,
कुणीतरी बोटं मोडावीत तशी.

परवान्यावर आता माझं नाव, महानंदा मल्लप्पा बिराजदार,
पर्समध्ये अठ्ठावीस हजार,
आणि काडतुसाचा भाव ऐकून
मी मनात शेंगाचटणीची पाकिटं मोजते.
एका बारात किती उडतील?

नवी परवडत नाही.
जुनीच्या दस्त्यावर तेलकट डाग आहे.
"होटगीच्या मास्तरांची. दोनच गोळ्या झाडल्या.
दुसरी चुकून."
पहिलीचं मी विचारलं नाही.

खांद्याला लावली. गफूरमियांनी कोपर जरा वर केलं.
समोर भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर,
मार्गशीर्षावर नेम थरथरला, मग थांबला.

डाग माझ्या गालाला बरोबर बसला.
लाकूड तेवढं गार होतं.

"दणका बसेल हं, बाई."
मशीनवर चादरी शिवून झालेला खांदा आहे हा,
पावती करा.
काडतुसं पाचच द्या.