कडू पाणी

सकाळी सात चाळीसला वीज आली.
तोवर वेंगुर्ल्याच्या खारट हवेने
नव्या यंत्राच्या काचेवर धूसर साय धरली होती.
मऊ फडक्याने ती पुसली,
कंट्रोलची कुपी तळहातात धरून कोमट केली
(हलवायची नाही, फेस येतो),
वहीत लिहिलं : दिवस चौथा.

चाळीस नमुने, यंत्रं दोन,
प्रत्येक नमुना दोघांकडे दोनदा.
सतरावा बाद. कुणीतरी सुई घाईने ओढलेली,
पेशी फुटून सीरम आगळाच्या पाण्यासारखं,
असं रक्त नेहमी चढवून सांगतं.

रक्तात मॅग्नेशियम असतं तरी किती,
चिमटीतून सांडेल तेवढंही नाही.
निळं रसायन त्याला भेटलं की तांबूस होत जातं
आणि आतला दिवा
त्या तांबूसपणाचा आकडा करतो.

जुनं यंत्र थरथरतं.
एकदा एक पूर्णांक नऊ, एकदा दोन पूर्णांक एक,
खऱ्याच्या अंगणातच घुटमळतं.
नवं ठाम. दोन पूर्णांक तीन. दोन पूर्णांक तीन. दोन पूर्णांक तीन.
कुपीच्या कागदावर छापलंय : दोन.
कंपनीचा निशाद केळुसकर हसला,
‘मॅडम, पॉइंट तीन वजा करायची सोय आहे आत.’

बाबा शिरोड्याच्या मिठागरात होते.
मीठ खाली बसलं की वर उरायचं ते कडू पाणी,
समुद्राने मागे ठेवलेलं हेच मॅग्नेशियम.
ते वेळेत खाडीत सोडायचं,
नाहीतर मीठ ओलं राहतं, जिभेवर वाईट उतरतं.
बाबा करंगळी बुडवून चाखायचे,
मग फोंडू गावडे चाखायचा,
बाबांकडे न बघता.
दोघांचं जुळलं तरच बांध फुटायचा.

एकतिसावा नमुना बाळंतिणींच्या वॉर्डातला,
रात्री झटके आलेली बाई,
शिरेतून थेंब थेंब मॅग्नेशियम.
जुनं म्हणालं सात पूर्णांक एक.
नवं म्हणालं आठ पूर्णांक दोन,
आणि पडद्यावर लाल झालं.
निशाद, इथे फरक पॉइंट तीनचा नाही.
आकडा चढतो तसा तोही चढतो,
कशातून काय वजा करू?

मी जिना चढून गेले.
सिस्टर फिलोमिनाने रबरी हातोडी
बाईच्या गुडघ्याखाली हलकेच मारली.
पाय उडाला.
पुन्हा मारली. पुन्हा उडाला.
‘ड्रिप चालू राहू दे,’ डॉक्टर म्हणाले.

दुपारी डबा खाताना बाबांचा फोन,
त्यांना रोज विचारायचं असतं.
‘दोघांचा जमला काय गो?’
‘नाय.’
‘मगे बांध फोडू नको.’

निशादची गाडी साडेपाचची.
सहीचा कागद त्याने टेबलावर ठेवलाय,
वर कुपीचं वजन, उडू नये म्हणून.
बत्तिसावा नमुना
अजून पुरता कोमट झालेला नाही.