चार ग्रॅम

बंदीचे दिवस. आनंदवाडीच्या धक्क्यामागे
झावळांच्या आडोशाला सहा सिलिंडरचं इंजिन
पोट उघडून पडलेलं,
आणि अप्पा कुबल कोपरापर्यंत काळे.

रजेवर आलेय म्हटल्यावर
पगाराचं विचारलं नाही, लग्नाचंही नाही.
"तुझा इंजिन किती ढकलता गो?"

मी सांगू लागले. झेनॉन नावाचा वायू,
ज्याचं कुणाशी जमत नाही.
तीनशे व्होल्ट. चुंबकाच्या कुंपणात इलेक्ट्रॉन
खाडीच्या तोंडाशी भोवऱ्यात सापडलेल्या शेवाळासारखे
गरगरतात, अणूंवर आदळतात,
आणि फुटलेला वायू निळा होऊन बाहेर पडतो
सेकंदाला पंधरा किलोमीटर.
तीन सेकंदांत कणकवली मागे पडेल, अप्पा.

"ता पळणा झाला. ढकलता किती?"

चार ग्रॅम.

त्यांनी बरणीतून एक सोल काढलं,
तळहातावर ठेवून वर-खाली केलं.
"ह्या एवढा?"
एवढंच.
"आवाज?"
नाही. तिथे आवाज न्यायला हवाच नाही.
"धूर?"
नाही.
"झिजता काय?"

झिजतं. आतली पांढरी भिंत, चिनीमातीसारखी,
आयन कुरतडत राहतात,
खारा वारा पत्र्याला खातो तशी.
सहा-सात हजार तासांनी कड उरत नाही.

तेव्हा कुठे अप्पांचा चेहरा सैल झाला.
"मगे इंजिनच म्हणूचा."
सोल त्यांनी गालात धरलं.

संध्याकाळी भरती भरून थांबलेली. वारा नाही.
शाकारायचा राहिलेला एकच ट्रॉलर
धक्क्याला टेकून, पंधरा टनांचा.
अप्पा वाकले, फळीवर तर्जनी टेकवली
आणि रेटून धरली.

काही झालं नाही.
मी सवयीने मोजत होते, प्रयोगशाळेत मोजते तसं,
तीस, चाळीस. एक खेकडा टायरवर चढला, उतरला.
साठ.
टायर आणि फळी यांच्यामधे
पाण्याची काळी रेघ दिसली. मग बोटभर.
मग वीतभर.
अप्पांचा हात सरळ झाला, खांदा पुढे गेला,
पाण्यात लोळणारा दोर ठिबकत वर आला
आणि ताणला.

"हय दोर आसा," ते म्हणाले. "थय?"

मी मान हलवली.

ट्रॉलर सावकाश माघारी आला,
ग्रीसचा गोल ठसा घेऊन.
अप्पांनी तर्जनी पँटीला पुसली,
माझ्याकडे एकदा बघितलं,
आणि या खेपेला करंगळी टेकवली.