कार्यक्रमात नसलेलं गाव

मार्दोळला बस थांबली की माझं ठरलेलं:
चपला गाडीतच ठेवा, पाऊण तास,
जाया दारातल्या बायकांकडून घ्या, भाव करू नका.
मग दीपमाळेच्या सावलीत
देव पळून आल्याची गोष्ट,
वेर्ण्याहून ही, कुठ्ठाळीहून तो,
केळशीहून ती कवळ्याची,
काळोखात, अघनाशिनी ओलांडून.
घंटेची जीभ फडक्यात बांधली होती, असं सांगतो.
हे कुठं लिहिलेलं नाही.
माझ्या तोंडी कधी बसलं, आठवत नाही.

रामनाथीला इंदूरच्या शैलाबाई लोटलीकर
प्रसादाची पाकळी मुठीत धरून म्हणाल्या,
"पण आमची लोटली कुठे?"
कार्यक्रमात लोटली नव्हती.
नागेशी होती, मग जेवण.

इनासनं मला विचारलंच नाही.
बोरीच्या पुलावर गाडी घातली.
खाली रेतीची एक होडी,
आणि देव आले त्याच्या उलट दिशेनं
आम्ही अठरा जण,
मागच्या सीटवर कुणी केळं सोलत.

माडांपलीकडे, बांधाशी, थांबलो.
इथलं एक वाक्य मला पाठ नव्हतं.
इनास उतरला,
बूट काढून टायरजवळ ठेवले.
मी सांगितलं नव्हतं.

"हांगा तळी आशिल्ली," म्हणाला,
"शापाय सांगतालो.
गुरं उतरली की अजून खूर बुडतात."
शैलाबाईंनी वाकून पाहिलं. गवत.
पाकळी तिथं ठेवावी की नाही, त्यांना कळेना.

"तुमचं आडनाव काय हो?"
"आतां? फुर्तादो."
मग घड्याळ बघून,
"चला, जेवण थंड जातलें."