हौशी

फॉर्मवर दोनच रकाने होते : पगारी आणि हौशी.
हौशीवर खूण केली तर कारकून म्हणाला,
बाई, मालकाचं नाही, स्वाराचं नाव लिहायचंय इथं.
लिहिलं : कुमुद गिरासे, दोंडाईचा.
त्यानं चष्म्यावरून एकदा माझ्याकडं पाहिलं,
एकदा घोडीकडं.

हौशी म्हणजे पावणेचारला उठायचं.
दिवसभर मिरची मार्केटात तोलाईच्या पावत्या फाडलेले हात
आधी ताकानं, मग राखेनं,
मग साबणानं धुवायचे, कोपरापर्यंत,
कारण भिंगरीला तो वास चालत नाही.
पहिल्या दिवशी मी तशीच गेले होते.
तिनं एक श्वास घेतला
आणि अशी शिंकली
की रुबाब तडवीच्या हातातली बादली
घरंगळत पार हौदापर्यंत गेली.
"घोडीले आधी वास समजतो, पोरी,"
तडवी बादली उचलत म्हणाला,
"वजन मंग."

कागदावर तिचं नाव चार शब्दांचं आहे,
अरबी, मला धड उच्चारता न येणारं.
शेठच्या जिनिंगच्या हापिसात ते काचेत लावलंय,
खाली सहा पिढ्यांचे आईबाप.
गेल्या साली ती पहिली आली, चॅम्पियन,
तेव्हा पाठीवर जोधपूरचा पगारी स्वार होता.
तो पाडव्याला गेला तो गेलाच.
जाताना रिकिबी पण घेऊन गेला.

म्हणून मी रिकिबीशिवाय शिकले.
केळीच्या बागांमधून पाटाच्या कडेनं,
कदम, मग दुडकी,
चौखूर फक्त एकदाच, तीही तिच्या मर्जीनं.
तडवी पाटावर बसून विडी ओढायचा, ओरडायचा :
लगाम ओढू नको, लगामानं इचार!
मी विचारायचे.
कधी ती उत्तर द्यायची,
कधी केळीचं पान खायची.
पडले किती वेळा ते मोजलं नाही.
मोजायचं काम मी पगारावर करते.

सारंगखेड्याला थंडी होती, तापीवरून येणारी,
दाताखाली वाळू आणि सगळीकडं ढोल.
बाजेवर घोडे नाचत होते,
गुडघे छातीला लावत होते, पायांत चाळ,
लोक त्यांच्यावर नोटा ओवाळत होते.
एक म्हातारा भिंगरीला न्याहाळून म्हणाला,
ही नाचत नही का?
नाही, बाबा.
मंग काय करते?
उभी राहते, मी म्हणाले,
आणि मलाच ते कमी वाटलं.

रिंगणात तीन फेऱ्या झाल्या.
शेपूट तिनं असं वर धरलं होतं
की मागून कुणीतरी "आरेऽ" म्हणालं, नुसतंच.
मग मी उतरले, दोर सैल सोडला.
आता हलायचं नाही.
पंच पुढून बघतात, बाजूनं बघतात,
वाकून खूर बघतात.
ढोल वाजला, ती हलली नाही.
फटाक्यांची माळ फुटली,
तिच्या खांद्याचं कातडं तेवढं थरथरलं,
पाण्यावर वारा जावा तसं.
माझ्या डोळ्यात वाळू गेली होती.
खिशातून रुमाल काढला.

रुमाल मार्केटातला होता.
पावतीपुस्तकाखाली चार महिने पडलेला,
कडांना लाल.

तिनं मान वळवली.
सगळी मेहनत, सगळा ताठा, सहा पिढ्या बाजूला ठेवून
तिनं नाक माझ्या खिशात घातलं,
खोल,
आणि शिंकली नाही.

पंचांनी काहीतरी लिहिलं.
दुसऱ्या आलो.
शेठ फोनवर बरंच बोलले, मी हो हो म्हणाले.

परतताना पुलावर पिकअप थांबली, पुढं गर्दी होती.
तडवी मागं तिच्याजवळ बसला होता, घोंगडी घेऊन.
बराच वेळानं म्हणाला,
"रोज ताकानं हात धुत होती ना तू?"
हो.
"तिले पहिल्यापासून ठाऊक व्हतं."

खाली तापी काळी होती, दिवे हलत होते.
मी हात नाकाशी नेले.
उद्या सोमवार,
फापड्याची आवक मोठी आहे म्हणतात,
सातला काटा सुरू.