एळु

पहिले सहा महिने हुक्केरी सरांनी
नुसतं पडायला शिकवलं.
हनुवटी छातीशी, तळहात चटईवर, थाड्.
कडोलीच्या तालमीतून आलेला सातेरी
पाठ टेकली की ओशाळायचा.
सर ओरडायचे, "एळु!"

कानडीत एळु म्हणजे ऊठ.
एळु म्हणजे सातसुद्धा.
आम्ही हसायचो.

त्याला आपटायला कुणीतरी हवं, म्हणून मी.
अकरा वर्षं.
थंडीत तो सांबोचं लाल जाकीट चढवायचा,
माझा पाय पिळायचा, मी चटई थोपटून सुटायचो.
वजनाच्या आदल्या रात्री
थुंकीसुद्धा गिळायचा नाही.
माझ्या डाव्या खांद्याला अजून
त्याची उजवी मूठ आठवते.

ऑलिंपिकमध्ये दोन जिंकला, दोन हरला.
बेळगावात स्वागताचा फलक
मराठीत की कानडीत, हा वाद पेटला होता;
पदक नाही म्हटल्यावर
फलकच राहिला.

रात्री सरांचा फोन. गुडघे गेलेत त्यांचे,
खुर्चीतच असतात.
"कितवा आला?"
"एळु, सर."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.